दोन्ही बटणं पूर्ण

गिटार काउंटरवर आडवी ठेवली गेली, आणि टेस्टरला तिच्या चार जाड तारा दिसल्या नाहीत, लांबलचक मान दिसली नाही, पोटावरचा उडालेला रंगही दिसला नाही. दिसली ती चिकटपट्टी. आवाजाची दोन बटणं, दोन्ही उजवीकडे शेवटपर्यंत पिळलेली, आणि दोन्हींवरून एकच पिवळी पट्टी ताणून बसवलेली. पिवळी ती एके काळी. आता तिला जुन्या दाताचा रंग आला होता. पट्टीवर बॉलपेननं लिहिलं होतं, 'हलवू नये'. 'ह'चं पोट फुगलेलं आणि 'ये'ची मात्रा मागं झुकलेली, वाऱ्यात टोपी सांभाळत चालणाऱ्या माणसासारखी. असलं अक्षर जगात एकाच माणसाचं होतं, आणि तो माणूस काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होता.

"आवाज पातळ आहे काका," समोरची तिशीतली बाई म्हणाली. "आतलं सगळं काढून टाका आणि हे बसवा." तिनं पिशवीतून एक खोकं काढलं. आत दोन नवेकोरे पिकअप, बॅटरीवर चालणारं तळहाताएवढं सर्किट, नवी बटणं. "बाबांचा सत्तरावा वाढदिवस आहे शनिवारी. त्यांना पत्ता नाही, कपाटावरून गुपचूप उतरवून आणलीय. शनिवारी अकराला त्यांना इथंच घेऊन येते. तुमच्याकडे तो मोठा अँप्लिफायर आहे ना, त्यावरच ऐकवू."

"कोण बाबा?" टेस्टरनं विचारलं. ही शुद्ध लबाडी होती. विचारताना त्याचा उजवा हात आपोआप छातीच्या खिशाकडे गेला, जिथं टेस्टर-स्क्रूड्रायव्हर असायचा. त्यावरूनच तर त्याला हे नाव पडलं होतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो कोटाच्या खिशातून डोकावतोय, आणि डॉक्टरनं एकदा छातीला नळी लावली तेव्हा 'इथं काहीतरी लोखंडी आहे' असं म्हणाला होता, असं टेस्टरच सांगतो. त्याचं निम्मं सोडून द्यायचं.

"तुम्ही ओळखता की. त्यांना सगळे खांब म्हणायचे."

खांब! उंची अशी, की तो दारातून आत आल्यावर त्याचं डोकं जरा मागाहून यायचं. बँडबरोबर स्टेजवर उभा राहिला की हलायचा नाही, हसायचा नाही, घाम आला तर पुसायचा नाही. बाकीचे वाजवणारे उड्या मारत असायचे आणि हा मागं उभा, जणू मांडव ह्याच्यावरच तोललाय. एकदा स्टेजचं छत खरोखरच कललं आणि लोक पळाले, तेव्हा खांबानं गाणं संपेपर्यंत ते डोक्यावर धरून ठेवलं, असं बँडमधले लोक सांगत. छत कापडाचं होतं हे सांगायला मात्र विसरत. टेस्टर त्या बँडचा मेकॅनिक. माइक, कर्णे, वायरी, सगळ्यांचा बाप. खांबाचा दोस्तही, म्हणजे दोघं कार्यक्रमानंतर कर्ण्याच्या पेटीवर शेजारीशेजारी बसत आणि बोलत नसत, असा दोस्त. आणि एकतीस वर्षांपूर्वी ह्याच काउंटरवर, ह्याच जागी, खांबानं ही गिटार आडवी ठेवली होती आणि म्हणाला होता, "आवाज जरा भरदार कर की रे. पोटात बसायला पाहिजे लोकांच्या."

मुलगी गेली. टेस्टरनं दुकानाचं अर्धं शटर ओढलं, दुपारी बाराला. समोरचा चष्मेवाला ओरडला, "काय हो, कोण गेलं?" टेस्टरनं नुसता हात हलवला. मागच्या टेबलावर त्यानं गिटार पालथी घातली, पाठीच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. आतून जुन्या लाकडाचा वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा, वायरी जोडायला डाख लावताना उठतो तो राळेचा, जो इतकी वर्षं टिकणं शक्यच नाही. पण आला. आत त्याचंच काम होतं. वायरींना त्यानं दिलेला पीळ, डाव्या हाताचा, कुणी नक्कल करू शकणार नाही असा; डाखेचे थेंब गोल, चकचकीत, मोत्यासारखे. एक काळी वायर खाली पत्र्याला जोडलेली. एक पांढरी वायर बटणाकडे गेलेली. किती सुरेख काम. इतकं सुरेख, की चूकसुद्धा सुरेख दिसत होती.

चूक मुळात होती ती एवढीच. गिटारीच्या तारांखाली चुंबकाच्या दोन डब्या असतात, तेच पिकअप. तार थरथरली की ते थरथरणं विजेत उतरवून पुढं धाडतात. खांबाचा जुना मागचा पिकअप मेला होता, म्हणून टेस्टरनं एक नवा मिळवला, दुसऱ्याच कंपनीचा. सगळ्या जगात काळी वायर जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, आणि पांढरी आवाजाची. म्हणून त्यानं काळी जमिनीला दिली, पांढरी आवाजाला. खोक्यात एक चिठ्ठी होती घडी घातलेली. ती त्यानं वाचली नाही. चिठ्ठ्या शिकाऊंनी वाचायच्या असतात. मग त्यानं सगळे मेकॅनिक करतात तशी परीक्षा घेतली: गिटार अँप्लिफायरला जोडली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक एका पिकअपवर टेकवलं. टक. दुसऱ्यावर टेकवलं. टक. दोघंही जिवंत. संपलं काम. त्याच्या उस्तादानं त्याला असंच शिकवलं होतं, उस्तादाला त्याच्या उस्तादानं. त्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही की दोघं वेगवेगळे ठणठणीत असतील आणि एकत्र आले की एकमेकांना गिळत असतील. मोठी करवत दोघांनी ओढायची असते, एकानं ओढली की दुसऱ्यानं सोडायची. दोघांनी एकाच वेळी आपापल्याकडे ओढली की करवत जागची हलत नाही, नुसता दातांचा बारीक करकराट येतो. खांबाच्या गिटारीतून तो करकराट यायला लागला. सगळा खर्ज एकमेकांत जिरून जायचा आणि वर उरायची पत्र्याच्या डब्यात खडा हलवल्यासारखी पातळ किणकिण.

आणि एक बटण जरासं, नखभर जरी मागं फिरवलं असतं, तरी गेलेला खर्ज परत आला असता.

हे वाक्य टेस्टरच्या डोक्यात आलं आणि त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नखभर. पण खांब बटणांशी खेळणारा माणूस होता, वाजवताना सतत त्याची करंगळी तिकडं जायची, आणि टेस्टरला त्याचा राग यायचा. मेकॅनिकनं बसवलेलं वाजवणाऱ्यानं हलवायचं नाही. म्हणून काम झाल्यावर त्यानं दोन्ही बटणं पूर्ण पिळली, वर पट्टी चिकटवली, 'हलवू नये' लिहिलं आणि म्हणाला, "आता ह्याला हात लावशील तर बोट मोडीन. जे काय करायचं ते हातानं कर." खांबानं मान डोलावली. खांब असा माणूस, की 'इथं थांब' म्हटलं की संध्याकाळपर्यंत थांबेल.

"अहो," मधल्या दारात बायको चहा घेऊन उभी होती. "चेहरा का असा झालाय? शॉक बसला की काय?"

"बसला."

"कुठं?"

त्यानं गिटारीकडं बोट दाखवलं. बायकोनं पट्टी बघितली, अक्षर बघितलं, आणि अक्षर तिच्या ओळखीचं असल्यामुळे तिला त्यात काहीच विशेष दिसलं नाही. "ह्यात तर वीजसुद्धा नाही," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

त्या पट्टीसह झाले तीन कार्यक्रम. बँडमास्तर अकॉर्डियन वाजवायचा, तोंडात कायम लवंग, आणि माणसाच्या तोंडावर बोलायची फार हौस. पहिल्या कार्यक्रमानंतर तो म्हणाला, "खांबा, जेवला नाहीस काय?" दुसऱ्यानंतर म्हणाला, "हाताला वजन नाही राहिलं तुझ्या." तिसऱ्यानंतर काही म्हणाला नाही, ते जास्त वाईट. मधल्या दिवसांत खांब रबरी चेंडू दाबत फिरायचा. बसमध्ये, रस्त्यात, मुलीच्या पाळण्याला झोका देताना दुसऱ्या हातानं. तारा इतक्या जोरानं ओढायचा की बोटांची कातडी सोलून निघाली. एकदा तो दुकानात आला, गिटार घेऊन, बोटांना पट्ट्या बांधलेल्या. "बघ रे जरा," तो म्हणाला, "हिच्यात तर काही नाही ना?" टेस्टरनं झाकण उघडलं नाही. गिटार जोडली, स्क्रूड्रायव्हर टेकवला. टक. टक. "गिटार ठणठणीत आहे." खांबानं मान डोलावली. "मग हातच," तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, हवापाण्याचं बोलावं तसं. आणि टेस्टरनं, दोस्त म्हणून धीर द्यायचा म्हणून, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "होतं असं वयानं." खांब तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता.

तोवरचं सगळं माफ होतं. टेस्टर गेली कित्येक वर्षं स्वतःपुढं हा खटला चालवत आला होता आणि इथपर्यंत आरोपी दर वेळी सुटायचा. चूक कुणाच्या हातून होत नाही? देवानं उंटाला केलंच ना. पुढं मात्र वकील गप्प बसायचा. कारण तीन महिन्यांनी त्याच कंपनीचा पिकअप दुसऱ्या कुणाच्या गिटारीसाठी आला आणि त्या दिवशी, वेळ होता म्हणून, टेस्टरनं चिठ्ठी उलगडली. 'काळी: आवाज. पांढरी: जमीन.' दोन ओळी. त्याला आठवतं, त्यानं ती चिठ्ठी पुन्हा पहिल्या घड्यांवरच दुमडली, जणू न वाचलेली करता येईल. त्याला खांबाचं घर ठाऊक होतं, चालत दहा मिनिटं. तो उठलाही. चप्पल घातली. पण जाताना वाटेत स्वतःचं घर, आणि घरात आई शिवणयंत्रावर बसलेली, आणि यंत्राच्या सुईखाली बँडचा निळा कोट. खांबाचा कोट. बँडमास्तरनं खांबाच्या जागी टेस्टरच्या धाकट्या भावाला घेतलं होतं. धाकट्याची स्वतःची चांगली गिटार होती अशातला भाग नाही, उधार आणलेली होती, पण तिच्यातल्या वायरी सरळ होत्या. आणि धाकटा बुटका. आईनं कोटाच्या दोन्ही बाह्या वीतभर कापल्या होत्या, खालचा घेर कापला होता, कापलेले निळे तुकडे जमिनीवर पडले होते. "बघ," आई म्हणाली, तोंडात टाचण्या धरून, "अखेर माझं हे लेकरूसुद्धा मार्गी लागलं." टेस्टर त्या तुकड्यांकडं बघत राहिला. कापलेली बाही परत जोडता येत नाही. हे त्याला त्या वेळी फार मोठं कारण वाटलं. त्यानं चप्पल काढली.

धाकटा पुढं मोठ्या जहाजांवर वाजवायला गेला, अजून तिथंच आहे, निरनिराळ्या बंदरांसमोर पोट आत ओढून काढलेले फोटो पाठवतो. आई समाधानानं गेली. आणि खांब वजनमापं तपासायच्या खात्यात चिकटला. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं खरी की खोटी ते बघायचं. ज्याच्या हाताला वजन नाही म्हणून हाकललं, तो वीस वर्षं सगळ्या शहराची वजनं पारखत हिंडला. अशी गोष्ट कुणी बनवून सांगितली असती तर टेस्टर म्हणाला असता, पुरे झाल्या थापा. पण एकदा त्यानं स्वतः पाहिलं होतं, बाजारात, लांबून: खांब एका वाण्याच्या तराजूपुढं वाकलेला, एका तळहातावर पितळी वजन, डोळे मिटलेले. टेस्टर तिथल्या तिथं वळला आणि केळी न घेता घरी आला.

आता त्यानं डाखेची कांडी तापत ठेवली. नवीन सर्किट बसवायचं तर जुनं उखडायचं, म्हणजे काळी आणि पांढरी दोन्ही जाणार. कुणी विचारणारही नाही. नव्यात सगळं सरळ, आवाज भरदार, मुलगी खूश, बाप खूश. पुरावा नष्ट करायला गिऱ्हाइकानं स्वतः यावं, वर सामान घेऊन यावं, असं नशीब चोरालाही मिळत नाही.  मग त्यानं जे करायची काही गरज नव्हती ते केलं. कांडीचं टोक टेकवून काळी सोडवली, पांढरी सोडवली, आणि अदलाबदल करून परत लावली. दीड मिनिटाचं काम. गिटार उताणी केली, मोठ्या अँप्लिफायरला जोडली, आणि जाड तार अंगठ्यानं छेडली.

कपाटातल्या बरण्यांमधले स्क्रू थरथरले. समोरच्या चष्मेवाल्याच्या काचा वाजल्या म्हणे, तो तसं शपथेवर सांगतो. आवाज कानात आलाच नाही, तो जमिनीतून तळव्यांत, तळव्यांतून पोटात आला आणि तिथं बसला. लोकांच्या पोटात बसायला पाहिजे. हाच तो. हा एकतीस वर्षं ह्या लाकडात कोंडून पडला होता, दोन वायरींच्या आड, आणि टेस्टरला वाजवता येत नाही तरी असा आला. मग ज्याला वाजवता येत होतं त्याच्या हातून कसा आला असता? तार थरथरायची थांबली तरी तो तिच्यावर अंगठा टेकवून बसून होता. मग त्यानं सगळं उपटलं. जुने पिकअप, जुन्या वायरी, जुनी बटणं. आणि नवं बसवलं. भित्रा माणूस फार सुबक काम करतो. शुक्रवारपर्यंत त्यानं एकेक डाख अशी घातली की घड्याळवाल्यानं बघून शिकावं.

राहता राहिला जुना माल. उस्तादाचा नियम: उखडलेलं सगळं पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, जळका फ्यूज असला तरी. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, काय काढलं आणि काय घातलं कुणास ठाऊक. चाळीस वर्षांत टेस्टरनं हा नियम मोडला नव्हता. शुक्रवारी त्यानं पिशवी तीनदा कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तीनदा काढली. चिकटपट्टी तिच्यात वरच होती, अक्षर बाहेरच्या बाजूला.

शनिवारी अकराला आधी मुलगी आली, मग खांब, मग जरा मागाहून खांबाचं डोकं. वाकला होता. केस पांढरे, पण उभं राहणं तेच. त्यानं गिटार बघितली, मुलीकडं बघितलं, मग टेस्टरकडं. मुलगी हसत होती. 

"दुकान तेच आहे," खांब म्हणाला.

"मीही तोच आहे," टेस्टर म्हणाला, आणि जीभ चावली.

"बाबा, वाजवा ना! काकांनी आतून सगळी नवी केलीय."

खांब स्टुलावर बसला. पट्टा न घालता गिटार मांडीवर घेतली, आणि वाजवण्याऐवजी तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्याकडं यायला पाहिजे होतं रे मी. मधे कधीतरी. पण लाज वाटायची."

"तुला?"

"तू एवढं मन लावून काम करून दिलंस तेव्हा. रात्रंदिवस खपलास. आणि माझ्या हातानं ते मातीत घातलं. समोरून तू येताना दिसलास की मी गल्ली बदलायचो." तो हसला. "एकदा तर तराजू तपासत होतो, तू दिसलास लांब, मी डोळेच मिटून घेतले."

टेस्टरनं गिटारीची वायर मोठ्या अँप्लिफायरला खोचली.

मग खांबानं वाजवलं. बोटं ताठ होती, दोनदा चुकली, मग त्यांना वाट सापडली. नव्या सर्किटानं खर्ज उचलून धरला, दुकान भरलं, मुलीनं दोन्ही हात तोंडावर नेले. "बघा! बघा! मी म्हणत नव्हते?" खांब ऐकत होता, मान कलती करून. "छान आहे," तो म्हणाला, "मशीन भारी आहे. म्हाताऱ्या हाताचंसुद्धा भागवून नेतं." त्याची करंगळी बटणांकडं सरकली, तीच जुनी खोड, आणि बटणाला लागायच्या आत मधेच थबकली. सत्तर वर्षांचा माणूस. त्यानं मान वर करून विचारलं, "ह्यांना हात लावला तर चालेल का रे?"

टेस्टर बोलायला लागला तेव्हा त्याला वाटलं दुसराच कुणीतरी बोलतोय. त्यानं पिशवी काउंटरवर उपडी केली, जुना पिकअप पुढं सरकवला, काळी वायर दाखवली, पांढरी दाखवली. चिठ्ठीचं सांगितलं. टकटक परीक्षेचं सांगितलं. एकत्र वाजवून बघितलं नाही हे सांगितलं, आणि बटण नखभर फिरवलं असतंस तर, हेही सांगितलं. "तुझा हात चांगला होता," तो म्हणाला. "हाताला काही झालं नव्हतं. बिघाड हिच्यात होता, आणि तो मीच केला होता."

मुलीचा हात तोंडावरून खाली आला. खांबानं पितळी वजन पारखायला घ्यावं तसा तो पिकअप तळहातावर घेतला. 

"कधी कळलं तुला?"

'परवा' म्हणता आलं असतं. परवाच झाकण उघडलं होतं, पुराव्यानिशी खरं वाटलं असतं. चूक माफ झाली असती, चहा आला असता. टेस्टरच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता, गोळीसारखा, आतून गोड.

"त्याच वर्षी," तो म्हणाला. "तीन महिन्यांनी. आईनं तुझा कोट कापला होता तेव्हा धाकट्यासाठी."

"एकतीस वर्षं काका?" मुलगी म्हणाली. "दहा मिनिटांवर घर आमचं. मी लहान असताना बाबा रेडिओवर गाणं लागलं की उठून बाहेर जायचे. आम्हाला वाटायचं, ह्यांना गाणं आवडत नाही." तिनं गिटारीची खोळ ओढली. "चला बाबा."

खांब उठला. दारापर्यंत गेला, वाकला, बाहेर बघितलं, रस्त्यावर नेहमीची शनिवारची वर्दळ होती. मग तसाच मागं वळला आणि परत येऊन स्टुलावर बसला.

"हे नवं काढ," तो म्हणाला.

"बाबा!"

"तू आणलेलं दुसऱ्या गिटारीत घालू, बाळा. फुकट नाही जाणार." आणि टेस्टरला: "जुनं लाव. ह्या वेळी बरोबर लाव. मी बसतो इथं समोर."

टेस्टरनं कांडीचं बटण दाबलं. कांडी तापायला चार मिनिटं लागतात, ती कुणाच्यानं कमी होत नाहीत.  तेवढ्या वेळात खांबानं काउंटरवरून ती जुनी चिकटपट्टी उचलली, अक्षर वाचलं, गोळी केली, आणि कचऱ्याचा डबा कुठाय म्हणून डोळ्यांनी शोधून त्यात टाकायच्या आधी थांबला आणि ती आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली. टेस्टरनं नवं सगळं सोडवून बाजूला काढलं. राळेचा धूर उठला, काळी वायर आवाजाच्या जागी बसली, पांढरी जमिनीला. त्यानं सवयीनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि पहिल्या पिकअपवर टेकवला. टक. दुसऱ्यावर टेकवला. टक.

"झालं," तो म्हणाला.

खांबानं गिटार घेतली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे न मिटता, तो त्याच्याकडं बघत होता.

"दोन्ही एकदम," तो म्हणाला. "तू वाजव आधी."